कंपनी कोणाची, हे आधी विचारा



अंक ज्याच्या हाती पडेल त्याने हा मजकूर गोटुलात, नाही तर शाळेच्या ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवावा. लांब आहे. एका रात्री उरकला नाही तर दोन रात्री बसा, पण ग्रामसभेच्या आधी वाचा.

गेल्या उन्हाळ्यात तेंदूचा फड चालू होता तेव्हा आपल्या डोंगराकडे गाड्या आल्या. माणसांनी दगड फोडून पिशव्यांत भरले, झाडांवर लाल रंगाने आकडे टाकले. पावसाळा सरल्यावर पुन्हा आले, या वेळी ब्लँकेट अन् पोरांसाठी व्हॉलिबॉल घेऊन. गाडीच्या दारावर एक नाव होतं. ब्लँकेटच्या पिशवीवर दुसरं. तहसीलात लावलेल्या नोटिशीवर तिसरंच. आपल्या एका म्हाताऱ्याने त्या कोवळ्या साहेबाला विचारलं, "बाबू, तुमची कंपनी यातली कोणती?" तो हसला. म्हणाला, "काका, सगळ्या एकच आहेत." मग बायांनी विचारलं, नाला लाल झाला, बांध्यांत गाळ भरला तर आम्ही कोणाला धरायचं? तेव्हा तो म्हणाला, "ते काम दुसऱ्या कंपनीकडे राहील, आमचा त्याच्याशी संबंध नाही."

म्हणजे ब्लँकेट वाटताना सगळ्या एक, अन् नाला बिघडला की सगळ्या वेगळ्या! त्या पोराने चुकून खरं सांगितलं. मोठ्या कंपन्या देशोदेशी धंदा कसा मांडतात ते त्याच्या दोन वाक्यांत आलं. तेच आज उलगडून सांगायचं आहे, कारण आपल्यातच या बाबतीत गोंधळ आहे. तालुक्याच्या बैठकीत काही साथी म्हणाले, "ही विदेशी कंपनी नाही, मालक आपला देशी माणूस आहे, हिंदी बोलतो, त्याच्याशी बोलणं होऊ शकते." दुसरे म्हणाले, "उलट विदेशी असती तर बरं, त्यांच्याकडे कायदे कडक असतात." आमचं दोघांशीही पटत नाही. मालक देशी की विदेशी यावर भांडत बसलो तर आपण भलत्याच झाडाला कुऱ्हाड घालत बसू.

आधी आपल्या ओळखीची गोष्ट घ्या. ग्रामसभा स्वतः तेंदू विकत नव्हती तेव्हाचे दिवस म्हाताऱ्यांना आठवत असतील. पुडा खराब म्हणून काढून टाकला की आपण फडीमुन्शीशी भांडायचो. तो म्हणायचा, "मले काय मालूम, मी तं फकस्त पुडे मोजतो." ठेकेदाराकडे गेलो तर तो म्हणे भाव वरून येतो. वर म्हणजे कुठे? तर शहरातला व्यापारी. त्याच्या पलीकडे बिडीचा कारखाना, अन् कारखान्याचा मालक आपण कधी पाहिलाच नाही. शिव्या खायला मुन्शी, पैसा मोजायला मालक, मधल्या प्रत्येकाचं तोंड वरच्याकडे. आता हीच साखळी चार देशांत ताणा, मधल्या प्रत्येक कडीला वेगळं नाव द्या, वेगळ्या देशात तिची नोंद करा, वेगळे वकील लावा. झाली बहुराष्ट्रीय कंपनी.

एक खरं उदाहरण सांगतो. छत्तीसगड ओलांडलं की ओडिशा लागते. तिथे रायगडा अन् कालाहांडी जिल्ह्यांच्या हद्दीवर नियमगिरीचा डोंगर आहे. तिथे डोंगरिया कोंध राहतात. त्यांची भाषा आपल्या गोंडीची बहीण. डोंगर त्यांचा देव, नियमराजा. त्याच्या माथ्यावर बॉक्साइट आहे, ज्यापासून अॅल्युमिनियम होते. ते काढायला वेदांत नावाची कंपनी आली.

या वेदांताचा मालक कोण? अनिल अग्रवाल. बिहारचा माणूस, पाटण्याहून मुंबईला आला, भंगार धातूच्या धंद्यात वाढला. म्हणजे देशी, हिंदी बोलणारा. पण २००३ मध्ये त्याने आपल्या धंद्याची वरची कंपनी, वेदांत रिसोर्सेस, लंडनच्या शेअरबाजारात नेली अन् तिथून सुमारे ८७ कोटी डॉलर उभे केले. त्या लंडनच्या कंपनीचे निम्म्याहून जास्त शेअर व्होल्कन नावाच्या दुसऱ्या कंपनीकडे होते. ती अग्रवाल घराण्याची, पण नोंद बहामा बेटांवर. लंडनच्या खाली ट्विन स्टार नावाची कंपनी, तिची नोंद मॉरिशसला. तिच्या खाली भारतातली स्टरलाइट. बाजूला वेदांत अॅल्युमिनियम, जिने नियमगिरीच्या पायथ्याशी लांजीगडला कारखाना बांधला. अन् डोंगर खोदायचा पट्टा यांच्यापैकी कोणाच्याच नावावर नाही. तो ओडिशा सरकारच्या खाण महामंडळाच्या नावावर यायचा होता.

डोकं गरगरते ना? आम्हालाही हे समजायला वेळ लागला. शाळेच्या फळ्यावर चौकोन काढून बघितले तेव्हा कुठे उमगलं. अन् गरगरावं हाही त्यात एक फायदा आहे, कंपनीचा.

पण यातली कोणतीच जागा उगाच निवडलेली नाही. लंडन निवडलं कारण तिथे दुसऱ्यांचा पैसा मिळतो. म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा, चर्चच्या फंडाचा, बँकांचा. बहामा निवडलं कारण तिथे कमाईवर कर नव्हता. मॉरिशस निवडतात कारण आपल्या सरकारचा त्या देशाशी करार होता, तिथल्या कंपनीने भारतातले शेअर विकून नफा कमावला तर इथे कर लागत नसे. कित्येक वर्षं हे चाललं, २०१७ पासून बंद होत गेलं. अन् ओडिशा निवडलं कारण बॉक्साइट तिथे आहे, ते उचलून बहामाला नेता येत नाही, पाणी अन् मजुरी स्वस्त आहे, अन् सरकार हात जोडून उभं आहे. सगळ्या चौकोनांत हाच एक चौकोन असा, जिथे माणसं राहतात.

बरं, खालच्या कंपनीकडून वर पैसा कसा जातो? नफ्याचा वाटा तर जातोच. शिवाय एक गंमत बघा. 'वेदांत' हे नाव वापरायचं म्हणून भारतातली कंपनी लंडनच्या आपल्याच आईला दरवर्षी पैसे देते. नावाचं भाडं! आपल्या पोराने बापाचं आडनाव लावलं म्हणून बापाने त्याच्याकडून दर साली धान घ्यावं, तसं. यात चोरी नाही, सगळं कायद्यात बसवलेलं आहे. म्हणूनच आम्ही म्हणतो, मालक चांगला की वाईट हे विचारून उपयोग नाही. पैसा वर चढतो अन् जबाबदारी खालीच राहते, अशी ही मांडणीच आहे. हिंदी बोलणारा मालक आला काय अन् इंग्रजी बोलणारा आला काय.

ही मांडणी कोर्टात कशी कामी येते ते आता ऐका. बायांनी हे खास लक्ष देऊन ऐकावं, कारण प्रश्न त्यांनीच विचारला होता.

नॉर्वे देशाच्या सरकारी पेन्शन फंडाने वेदांताचे शेअर घेतले होते. त्यांनी आपली समिती बसवून चौकशी केली, पर्यावरणाचं अन् माणसांच्या हक्कांचं नुकसान होते असं ठरवलं, अन् शेअर विकून टाकले. नोव्हेंबर २००७ मध्ये हे जाहीर झालं. त्याच महिन्यात नियमगिरीचं प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयात होतं. न्यायालय म्हणालं, नॉर्वेने ज्या कंपनीला असं बाहेर काढलं तिला आम्ही परवानगी देणार नाही. ऐकून बरं वाटलं? थांबा. पुढे न्यायालय म्हणालं, स्टरलाइटने अटी मान्य करून अर्ज केला तर विचार करू. स्टरलाइट कोणाची? त्याच लंडनच्या कंपनीची! आईला दाराबाहेर काढलं अन् मुलीला पाट मांडून दिला. ऑगस्ट २००८ मध्ये स्टरलाइटला हिरवा कंदील मिळाला. अट अशी की नफ्याचे ५ टक्के किंवा वर्षाला १० कोटी रुपये, यांत जे जास्त असेल ते त्या भागाच्या विकासाला द्यायचं. कोंधांना कोणी विचारलं नव्हतं.

२०१० मध्ये केंद्र सरकारने एन. सी. सक्सेना यांची समिती पाठवली. समितीने सांगितलं, वनहक्क कायदा पाळलेला नाही. ऑगस्टमध्ये मंत्री जयराम रमेश यांनी खाण नाकारली. आता कंपनी कोर्टात जाईल असं वाटेल ना? कोर्टात गेलं ओडिशाचं सरकारी खाण महामंडळ. पट्टा त्याच्या नावावर होणार होता ना! खाजगी मालकाची लढाई सरकारी खर्चाने, सरकारी वकिलाने लढली. साखळीत सरकारची कडी कशाला लागते ते यावरून समजा. आपल्याकडे साहेब लोक म्हणतात, "आम्ही मध्यस्थ आहोत." मध्यस्थ कसले! पट्टा कोणाच्या नावावर आहे ते त्यांना विचारा.

त्याच खटल्यात १८ एप्रिल २०१३ ला निकाल आला. न्यायालय म्हणालं, डोंगरावरचे कोंधांचे हक्क अन् देवाचा हक्क यांचं काय करायचं ते ग्रामसभा ठरवेल. डोंगरावर अन् पायथ्याला शंभराच्या वर वस्त्या. सरकारने त्यातली फक्त १२ गावं निवडली. लोकांनी विरोध केला, सगळी गावं घ्या म्हणाले. ऐकलं नाही. जुलैच्या १८ तारखेपासून ऑगस्टच्या १९ तारखेपर्यंत, भर पावसात, जिल्हा न्यायाधीशाच्या समोर एकेक सभा झाली. पोलीस उभे होते. बाराच्या बारा गावांनी नाही म्हटलं. त्यात इजुरुपा नावाचं गाव आहे, एकाच घराचं. ते घर डोंगरिया कोंधांचंही नव्हतं, गौडांचं होतं. हे गाव यादीत का घातलं असेल याचा विचार ज्याने त्याने करावा. त्या एका घरानेही नाही म्हटलं. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीने खाण कायमची नाकारली.

आमचं म्हणणं एवढंच आहे. या कंपनीकडे लंडनचा पैसा होता, मॉरिशसचा कागद होता, राज्य सरकारचा करार होता, दहा लाख टनांचा कारखाना उभा होता अन् सर्वोच्च न्यायालयाची एकदा मिळालेली परवानगीसुद्धा होती. यातलं काहीही बाहेरून आणता येते, विकत घेता येते, एका कंपनीकडे अडलं तर दुसरीच्या नावावर करता येते. ग्रामसभेचा ठराव तेवढा बाहेरून आणता येत नाही. तो गावातच करावा लागतो. म्हणून तर ब्लँकेट येतात.

आता ज्यांना वाटेल की नियमगिरीने जिंकलं, गोष्ट संपली, त्यांच्यासाठी थोडं कडू बोलतो.

लांजीगडचा कारखाना बंद पडला नाही. बॉक्साइट बाहेरून आणून तो चालवला. आफ्रिकेतल्या गिनी देशातूनही जहाजाने आलं. म्हणजे एका डोंगराने नाही म्हटलं तर दुसऱ्या कुठल्या डोंगरावर हात पडला, अन् तिथल्या लोकांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत. २०१६ मध्ये खाण महामंडळ पुन्हा कोर्टात गेलं, ग्रामसभा पुन्हा घ्या म्हणून. न्यायालयाने ऐकलं नाही. २०२३ मध्ये त्याच दोन जिल्ह्यांतल्या सिजीमाली डोंगराचा लिलाव झाला अन् तो त्याच कंपनीने घेतला. तिथले गावकरी सांगतात की ग्रामसभा खऱ्या झाल्याच नाहीत, ठराव खोटे आहेत.

आपल्या राज्याचंही सांगायला पाहिजे. स्टरलाइटचा तांब्याचा कारखाना आधी रत्नागिरीत व्हायचा होता. १९९३ मध्ये तिथल्या लोकांनी तो होऊ दिला नाही. आंबेवाले, मच्छीमार, सगळे उठले. आपण त्याला विजय म्हणतो, अन् तो होताच. पण कारखाना हवेत विरला नाही. तो तमिळनाडूत तुतुकुडीला गेला. पंचवीस वर्षांनी, २२ मे २०१८ ला, तिथे कारखान्याविरुद्ध निघालेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, १३ माणसं गेली. मग कारखान्याला कुलूप लागलं. रत्नागिरीत हाकललं तेव्हाच तुतुकुडीच्या मच्छीमारांना कोणी निरोप धाडला असता तर? हा प्रश्न आम्हाला टोचतो. कंपनीचे साहेब एका कारखान्यात शिकलेली गोष्ट दुसऱ्या देशातल्या कारखान्यात सांगतात, त्यासाठी त्यांच्या बैठका होतात. आपण मात्र शेजारच्या तालुक्यात काय चाललं ते बाजाराच्या दिवशी ऐकतो.

आफ्रिकेत झांबिया नावाचा देश आहे. तिथली कोंकोला तांब्याची खाण वेदांताने २००४ मध्ये घेतली, ५१ टक्के हिस्सा अवघ्या अडीच कोटी डॉलरला. चिंगोला गावाच्या आसपास नदीनाल्यांत खाणीचं पाणी उतरलं, शेती अन् मासे गेले, अशी लोकांची तक्रार. आपल्या देशात कोर्टकचेरी करून हाती काही लागेना. मग १,८२६ गावकऱ्यांनी थेट लंडनमध्ये, आईच्या दारात दावा लावला. कंपनी काय म्हणाली असेल? तेच, जे आपल्याला त्या पोराने सांगितलं. खाणीची कंपनी वेगळी, आम्ही वेगळे, झांबियात जा.

एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे मानलं नाही. का मानलं नाही ते नीट ऐका. लंडनच्या कंपनीने आपल्याच छापील अहवालांत मोठ्या तोऱ्याने लिहिलं होतं की आमच्या सगळ्या कंपन्यांत पर्यावरणाची काळजी आम्ही घेतो, नियम आम्ही घालून देतो, देखरेख आमची असते. न्यायालय म्हणालं, तुम्हीच असं म्हणता, तर लोकांचा दावा तुमच्यावर चालू शकतो. शिवाय गरीब गावकऱ्यांना झांबियात एवढा मोठा खटला चालवायला वकील अन् पैसा मिळणार नाही, हेही धरलं. २०२१ मध्ये कंपनीने त्या लोकांशी तडजोड केली, दोष मात्र कबूल केला नाही. अन् निकालाच्या आधीच, २०१८ मध्ये, तिने लंडनच्या शेअरबाजारातून आपलं नाव काढून घेतलं होतं. बाजारात नाव असलं की हिशोब, अहवाल सगळ्यांसमोर मांडावे लागतात, भागधारकांच्या सभेत कोणी उठून नियमगिरीचं विचारते. ते मागे लागलेलं लचांड गेलं. भारतातल्या कंपनीचं नावही मधल्या काळात फिरलं. स्टरलाइट अन् गोव्याची सेसा मिळून सेसा स्टरलाइट झाली, २०१५ मध्ये तिचं वेदांत लिमिटेड झालं.

म्हणून चकचकीत कागदाची ती पुस्तिका, जी घरोघर वाटली, ती चुलीत घालू नका. पोरांच्या वह्यांना कव्हर म्हणूनही घालू नका. गावाच्या पेटीत ठेवा. त्यात कंपनी जे जे कबूल करते, पाणी सांभाळू, झाडं लावू, आमचा समूह जबाबदार आहे, ते उद्या तिच्याच गळ्यात घालायला कामी येईल. झांबियाच्या लोकांनी हेच केलं. गाडीच्या दारावरचं नाव, पिशवीवरचं नाव, नोटिशीवरचं नाव, तिन्ही तारखेसह वहीत लिहा. पोरांकडे मोबाइल आहेत, फोटो काढा. कंपन्यांची नोंद दिल्लीच्या मंत्रालयात असते, नावावरून मालक शोधता येतो. ते काम तालुक्याच्या कचेरीत आपले दोन शिकलेले पोरं करत आहेत, त्यांना नावं बरोबर पाठवा.

अन् घाई करू देऊ नका. २००९ च्या परिपत्रकाने असं होतं की वनहक्कांचं काम पुरं झाल्याशिवाय अन् ग्रामसभेची संमती जोडल्याशिवाय जंगलजमिनीचा प्रस्ताव पुढे सरकू नये. २०२२ च्या नियमांनी हा क्रम फिरवला. आता दिल्लीची मंजुरी आधी होऊ शकते, अन् हक्कांचं बघायचं ते राज्य सरकारने मागून. मग साहेब गावात येऊन म्हणणार, वरून तर मंजूर झालं, आता तुम्ही एकटेच कशाला अडता? हे ऐकून ढिले पडू नका. ग्रामसभेचा अधिकार २००६ च्या कायद्याने दिला आहे. वनहक्क कायदा नियमांनी पुसला गेलेला नाही, पेसाही जागेवर आहे.

"देशी मालकाशी बोलून घेऊ" म्हणणाऱ्या साथींना आमचं सांगणं, बोला, पण ग्रामसभेत बोला, हॉटेलात नको. अन् त्याने मुन्शी पाठवला तर मुन्शीशी बोलू नका. ज्याच्या नावावर नफा जातो तो कोण, कोणत्या देशात त्याची नोंद, पैसा कोणत्या बँकेचा, दगड कोणत्या कारखान्यात अन् कोणत्या बंदरावर जाणार, नाला बिघडला तर कोणत्या नावाची कंपनी भरपाई देणार, अन् ती कंपनी उद्या विकली किंवा बुडवली तर कोण देणार, हे सगळं मराठीत अन् गोंडीत लिहून, सही-शिक्क्यानिशी सभेपुढे ठेवायला लावा. ते आल्याशिवाय विषय घ्यायचाच नाही, असा ठराव आधी करा. दोन गावांनी केला आहे. उरलेल्या गावांनी पुढच्या अंकाच्या आत नक्कल पाठवावी.

सभेच्या दिवशी निम्म्याच्या वर लोक असल्याशिवाय सुरुवात करू नका, अन् आलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. हे आमच्या मनाचं नाही, वनहक्काच्या नियमातच आहे. ग्रामसेवक म्हणेल, हजेरीवर आधी सह्या करा, विषय मागून लिहितो. करू नका. सिजीमालीच्या लोकांची तक्रार आताच वाचली ना? विषय अन् ठराव लिहून, मोठ्याने वाचून झाल्यावरच सह्या अन् अंगठे. शेवटच्या अंगठ्याच्या खाली लगेच आडवी रेघ मारा, पानाच्या तळापर्यंत, म्हणजे कोरी जागा राहणार नाही. पानाचा फोटो काढा. रजिस्टर रात्री गावाच्या पेटीत, अन् पेटीची किल्ली या वेळेपासून महिला मंडळाकडे.